पार्श्वसंगीताने भावनेचे नाव घेऊ नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतील चित्रपटपरीक्षणे मी नियमाने वाचतो. कथा, अभिनय, छायाचित्रण, संकलन यांविषयी त्यांत जाणतेपणाने लिहिलेले असते. परंतु आवाजाचा विषय आला की बहुतेक परीक्षणे तो एका वाक्यात उरकतात. ‘पार्श्वसंगीत प्रसंगांना साजेसे आहे’, फार तर ‘परिणामकारक आहे’, एवढ्यावर भागवले जाते. ही उणीव केवळ आपल्या वृत्तपत्राची नाही, मराठीतील एकूण चित्रपटलेखनाचीच आहे. हे पत्र लिहिण्याचे कारण असे की, चित्रपटातील आवाज कोठे कामी आला आणि कोठे वाया गेला हे सांगण्यासाठी लागणारी परिभाषा आपल्याकडे हजार-अकराशे वर्षांपासून सिद्ध आहे, आणि ती वापरली तर आज पडद्यावर सर्वत्र बोकाळलेला एक दोष नेमकेपणाने दाखवता येतो. प्रेक्षकाच्या मनात जी भावना उमलायची, तिचे नाव संगीताने आधीच मोठ्याने उच्चारून टाकणे, हा तो दोष. साहित्यशास्त्रात त्याला ‘स्वशब्दवाच्यता’ म्हणतात.

नवव्या शतकात काश्मीरमध्ये राजा अवंतिवर्म्याच्या काळी आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला. शब्दाचा सरळ अर्थ देणारी अभिधा आणि तो अर्थ अडला असता जवळचा दुसरा अर्थ देणारी लक्षणा, या दोन शक्ती त्याच्याआधीही मान्य होत्या. आनंदवर्धनाचे म्हणणे असे की, थोर कवींच्या वाणीत या दोहोंपलीकडचा एक प्रतीयमान अर्थ असतो. स्त्रीचे लावण्य जसे तिच्या कोणत्याही एका अवयवात दाखवता येत नाही आणि तरी सर्वांगावर झळकते, तसा तो अर्थ कोणत्याही एका शब्दात सापडत नाही आणि तरी जाणवतो. हा अर्थ सुचवणारी जी शक्ती, ती व्यंजना. जेथे वाच्य अर्थ स्वतःकडे गौणपणा घेऊन या सूचित अर्थाला पुढे करतो, ते काव्य म्हणजे ध्वनी. पुढे इ.स. १०००च्या सुमारास अभिनवगुप्ताने ‘ध्वन्यालोका’वर ‘लोचन’ ही टीका लिहून या विचाराला खोली दिली आणि अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त त्याची शिस्तबद्ध मांडणी केली.

मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट येथे सांगतो. हा सिद्धांत समजावताना आनंदवर्धनाने अगदी आरंभी जे उदाहरण दिले, ते संस्कृतातले नाही. ते महाराष्ट्री प्राकृतातले आहे, हालाच्या ‘गाथासप्तशती’मधले आहे, आणि त्यातील नदी आपली गोदावरी आहे. ‘भम धम्मिअ वीसत्थो’ अशी ती गाथा सुरू होते. एक स्त्री एका धार्मिक गृहस्थाला सांगते की, महाराज, आता निर्धास्त हिंडा. तुम्हाला त्रास देणारे ते कुत्रे आज मारले गेले. गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या उन्मत्त सिंहाने ते मारले. शब्द सांगतात ‘या’. त्यांचा रोख आहे ‘इकडे फिरकू नका’. फुले वेचायला रोज येणाऱ्या त्या गृहस्थामुळे तिच्या प्रियकराशी भेटण्याच्या जागेचा एकांत मोडत होता, हे गाथेत एका अक्षरानेही सांगितलेले नाही. तरी ज्याला कळायचे त्याला सगळे कळते. ज्याला कुत्र्याची भीती वाटत होती, त्याला सिंह राहतो त्या झाडीत निर्धास्त हिंडायला सांगणे, एवढ्या एका विसंगतीवर सारी रचना उभी आहे.

आता एक शंका कोणीही घेईल. काव्यशास्त्रातील ‘ध्वनी’ म्हणजे सुचवलेला अर्थ. चित्रपटातील ध्वनी म्हणजे कानाने ऐकायचा आवाज. केवळ नावाच्या साम्यावरून एकाची फूटपट्टी दुसऱ्याला लावणे योग्य कसे? शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर आनंदवर्धनानेच देऊन ठेवले आहे. ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात, म्हणजे प्रकरणात, व्यंजनेचे अस्तित्व सिद्ध करताना तो म्हणतो की, गाण्यातील स्वरांना कोशातला अर्थ नसतो, तरी त्यांच्यापासून रसाची प्रतीती होते; आणि शब्दाचा स्पर्शही नसलेल्या हालचालींतून, हावभावांतून विशिष्ट अर्थ उजळतो, हेही सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे व्यंजना ही शब्दाची बटीक नाही, हे त्याने स्पष्ट ओळखले होते. स्वर आणि हावभाव या दोन्हींना त्याने सुचवण्याचे सामर्थ्य दिले. चित्रपटाला याहून अधिक कोणती परवानगी हवी? शिवाय ‘ध्वनी’ ही संज्ञा त्याने वैयाकरणांकडून घेतल्याचे तो सांगतो, आणि व्याकरणशास्त्रात ती कानावर पडणाऱ्या वर्णांसाठीच होती. एकामागून एक ऐकू येणारे वर्ण विरून जातात, त्यांचे संस्कार मागे राहतात आणि अखेरच्या वर्णाबरोबर अर्थ एकदम प्रकट होतो, ही वैयाकरणांची उपपत्ती. चित्रपटातील आवाजालाही ती किती लागू पडते, हे पुढे एका उदाहरणात दिसेल.

स्वशब्दवाच्यतेचा मुद्दा आनंदवर्धनाने अगदी प्रारंभीच मांडला आहे. शृंगार, करुण, वीर असे शब्द कवितेत घातल्याने तो तो रस उत्पन्न होत नाही. ‘तिला फार लाज वाटली’ असे लिहिल्याने लाज वाचकापर्यंत पोहोचत नाही. लाजेची कारणे, तिच्या खुणा आणि तिच्याबरोबर येणाऱ्या लहानसहान भावच्छटा मांडल्या की ती पोहोचते. ‘नाट्यशास्त्र’कार भरताच्या रससूत्रातील विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव ते हेच. मम्मटाने रसदोषांची यादी केली तेव्हा रस, स्थायी भाव किंवा व्यभिचारी भाव यांचे नाव घेऊन ते सांगणे, हा दोष त्याने पहिल्या क्रमांकावर ठेवला.

हा दोष दिसायला कसा असतो आणि तो टाळला म्हणजे काय होते, हे ‘कुमारसंभवा’च्या सहाव्या सर्गातील एका श्लोकाने दाखवता येईल. सप्तर्षी हिमालयाच्या घरी आले आहेत आणि अंगिरा ऋषी शिवासाठी पार्वतीला मागणी घालत आहेत. कालिदास लिहितो:

एवंवादिनि देवर्षौ पार्श्वे पितुरधोमुखी ।
लीलाकमलपत्राणि गणयामास पार्वती ॥

देवर्षी असे बोलत असताना वडिलांच्या शेजारी खाली मान घालून बसलेली पार्वती हातातल्या कमळाच्या पाकळ्या मोजत राहिली. एवढेच. लाज हा शब्द नाही, आनंद हा शब्द नाही. आनंदवर्धनाने हा श्लोक जेथे उद्धृत केला, तेथे या प्रकारच्या सूचनेला त्याने घंटेचा टोल विरल्यावर मागे राहणाऱ्या अनुरणनाची उपमा दिली आहे: आधी टोल, मग त्याचा रेंगाळणारा नाद, आणि ऐकणाऱ्याला दोन्हींतला क्रम जाणवतो. येथेही आधी पाकळ्या मोजणे कळते आणि क्षणभराने त्यामागचे मन कळते. तो क्षण मोलाचा आहे, कारण त्या क्षणात वाचक स्वतः काही करतो.

हाच प्रसंग आज पडद्यावर आला तर बहुधा काय होईल, याची कल्पना करून पाहावी. ऋषींच्या वाक्यात शिवाचे नाव येताच बासरी सुरू होईल. पार्वतीचा चेहरा जवळून दिसेल आणि बासरीत सतार मिसळेल. पाकळ्यांवरच्या बोटांपर्यंत कॅमेरा पोहोचेपर्यंत व्हायोलिनचा ताफा चढलेला असेल. टोल आणि अनुरणन यांच्यामध्ये जी रिकामी जागा होती, ती वाद्यांनी भरून निघेल आणि प्रेक्षकाला स्वतःहून काही ओळखण्याची सोयच उरणार नाही. पाकळ्या मोजणाऱ्या बोटांचा बारीक आवाज, खोलीतली शांतता, बोलणाऱ्या ऋषींचा दूरवरून येणारा स्वर, या सगळ्यांत अर्थ होता. तो वाद्यांखाली गेला. शब्दाने ‘लाज’ म्हणणे आणि बासरीने ‘लाज’ म्हणणे यांत माझ्या मते काहीही फरक नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने विशिष्ट वाद्य आणि विशिष्ट सुरावट यांचा अर्थ इतका ठरून गेला आहे की, ते आता सरळ अर्थ सांगणाऱ्या शब्दांसारखेच झाले आहेत. त्यांच्याकडून व्यंजनेचे काम होत नाही. ते अभिधेचे काम करतात. म्हणूनच हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. मम्मटाच्या यादीतला पहिला रसदोष येथे वाद्यांकडून घडतो.

दूरचित्रवाणीच्या दैनंदिन मालिकांत हाच दोष आणखी एका दोषाशी जोडून येतो. एखाद्या पात्राला धक्का बसला की त्याचा चेहरा तीन बाजूंनी तीनदा दाखवला जातो आणि प्रत्येक वेळी तोच ठोका, तोच गडगडाट वाजतो. आनंदवर्धनाने रसाला विरोधी ठरणाऱ्या गोष्टींत ‘परिपोषं गतस्यापि पौनःपुन्येन दीपनम्’ अशी एक गोष्ट सांगितली आहे. पूर्णत्वाला पोहोचलेल्या रसाला पुन्हा पुन्हा चेतवत राहणे म्हणजे हाताळून हाताळून फूल कोमेजवणे, असे तो लिहितो. वाक्य नवव्या शतकातले आहे. आजच्या मालिकेवर याहून नेमकी टीका मला तरी वाचायला मिळालेली नाही.

पार्श्वसंगीतच नको, असे मात्र माझे म्हणणे नाही. तसे कोणी म्हटले तर ते आपल्याच परंपरेच्या विरुद्ध जाईल. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त ध्रुवागीतांवर स्वतंत्र अध्याय आहे. प्रावेशिकी, आक्षेपिकी, प्रासादिकी, अंतरा आणि नैष्क्रामिकी असे ध्रुवांचे पाच प्रकार तेथे येतात. पात्र येताना, जाताना, प्रसंगाचा रंग पालटताना, मनःस्थिती निवळताना ती गायची असत. ही आपल्याकडील पार्श्वसंगीताची पहिली शास्त्रीय मांडणी म्हणायला हरकत नाही. परंतु ही गीते पात्राच्या भावनेचे थेट वर्णन करीत नसत. हत्ती, हंस, चंद्र, मेघ अशा प्रतिमांच्या आडून ती पात्राची अवस्था सुचवीत. संगीताला रंगभूमीवर मानाचे स्थान होते, पण नाव उच्चारण्याचा अधिकार नव्हता.

आपल्याच चित्रसृष्टीने हा विवेक एके काळी किती जाणीवपूर्वक पाळला होता, याचा दाखला म्हणून १९३७चा प्रभातचा ‘कुंकू’ घ्यावा. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षे झालेली. पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ तर १९३२चा. आवाज हाती आल्याचा आनंद ताजा होता आणि सर्वत्र वाद्यांची रेलचेल होती. अशा वेळी व्ही. शांताराम आणि संगीतकार केशवराव भोळे यांनी पार्श्वसंगीत वर्ज्य करून घरातल्या, रस्त्यावरच्या नैसर्गिक आवाजांवर अख्खा चित्रपट उभा केला. फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा आणि तो वृद्ध नवरा यांच्या घरात एक जुने घड्याळ आहे. ते घड्याळ खरेच तेथे आहे, त्याची टिकटिक खरीच आहे. वाच्य अर्थ कोठेही अडत नाही. परंतु ऐकणाऱ्याला ती टिकटिक त्या पुरुषाच्या सरत चाललेल्या आयुष्याची आणि त्या मुलीच्या अडकून पडलेल्या तारुण्याची वाटू लागते. वाच्य अर्थ शाबूत ठेवून त्याच्यापलीकडे नेणारा हा प्रकार ‘विवक्षितान्यपरवाच्य’ या नावाने ‘ध्वन्यालोका’त आहे. शांतारामांनी तो ग्रंथ डोळ्यांपुढे ठेवून चित्रपट केला, असे मी सुचवत नाही. त्यांच्या कानाला जे उमगले, त्याला शास्त्रात आधीच जागा होती, एवढेच.

दुसरा प्रकार, ज्यात वाच्य अर्थ अडतो, त्याचे चित्रपटातील सर्वांत ठळक उदाहरण माझ्या मते ऋत्विक घटक यांच्या ‘मेघे ढाका तारा’ (१९६०) या बंगाली चित्रपटात आहे. निर्वासित कुटुंबाचा भार एकटीने वाहणारी नीता आपल्या प्रियकराच्या घरी जाते आणि त्याच्या खोलीत दुसरे कोणी आहे, हे तिच्या ध्यानी येते. ती जिना उतरू लागते, आणि चाबकाचा फटकारा ऐकू येतो. जिन्यावर चाबूक नाही. रस्त्यावर टांगा नाही. तो आवाज कोठून आला, याला कथेत उत्तरच नाही. ‘गंगायां घोषः’, म्हणजे ‘गंगेवर गवळीवाडा आहे’, हे लक्षणेचे शास्त्रातले ठरलेले उदाहरण आहे: प्रवाहावर वस्ती असू शकत नाही, म्हणून मुख्य अर्थ अडतो, ऐकणारा ‘गंगेच्या काठावर’ असा अर्थ घेतो, आणि ‘काठावर’ असे सरळ न म्हणता ‘गंगेवर’ म्हटल्यामुळे गारवा आणि पावित्र्य जे सुचते, ते व्यंजनेचे फळ. नीताच्या जिन्यावर नेमके हेच घडते. चाबूक असू शकत नाही, म्हणून कान अडखळतो. अडखळल्यामुळे अर्थ शोधू लागतो. आणि जो सापडतो तो ‘तिला दुःख झाले’ एवढा नसतो. ओझ्याच्या जनावराला मारावा तसा हा मार आहे, तो तिला आज पहिल्यांदा बसलेला नाही आणि मारणारा हात त्या एका पुरुषाचा नाही, असा सगळा विस्तार त्या एका आवाजात मिटलेला आहे. याच जागी दुःखी सारंगी वाजली असती तर आपण नीताविषयी हळहळलो असतो आणि तेथेच थांबलो असतो.

घटक हा आवाज पुढे पुन्हा आणतात. नीता आणि तिचा गायक भाऊ एका रात्री रवींद्रनाथांचे गाणे गातात, आणि त्या गाण्यात चाबूक परत येतो. दुसऱ्या वेळी तो ऐकताना पहिल्याचा संस्कार मनात असतो, आणि वैयाकरणांनी म्हटल्याप्रमाणे, विरून गेलेल्या आवाजांच्या संस्कारासह शेवटचा आवाज सबंध अर्थ उघडतो. आवाजाची पुनरावृत्ती येथेही आहेच. परंतु ती रसाला पुन्हा चेतवण्यासाठी आलेली नाही. आधी अर्धा उमटलेला अर्थ ती पूर्ण करते. मालिकेतला तिसरा ठोका आणि घटकांचा दुसरा फटकारा यांतील अंतर समीक्षकाने वाचकाला दाखवून द्यावे, अशी माझी अपेक्षा आहे.

आणि जेथे संगीत भावनेच्या ऐन शिखरावर येते, तरी दोष ठरत नाही, असेही उदाहरण आहे. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’त (१९५५) परगावाहून परतलेला हरिहर बायकोला सोबत आणलेल्या वस्तू दाखवू लागतो. त्यात दुर्गेसाठी आणलेली साडी आहे. दुर्गा गेली, हे त्याला माहीत नाही. सर्वजया साडी हातात घेते आणि कोसळते. तिचे तोंड रडण्यासाठी उघडते, पण तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई हे कमानीने वाजवायचे तंतुवाद्य वरच्या सप्तकात आक्रोश करते. सकृद्दर्शनी हे स्वशब्दवाच्यतेचे टोक वाटेल. विचार केला तर तसे नाही. रडण्याच्या जोडीला वाद्य आलेले नाही. रडणे काढून घेऊन त्याच्या जागी ते ठेवलेले आहे. दिसते एक, ऐकू येते दुसरे, आणि दोहोंचा मेळ प्रेक्षकाला घालावा लागतो. खरा हुंदका ऐकू आला असता तर तो एका गावातल्या एका बाईचा शोक राहिला असता. रसविचार मांडणाऱ्या भट्टनायकाने ज्याला साधारणीकरण म्हटले, म्हणजे भावनेचे ‘माझी, तुझी, त्याची’ हे संबंध गळून ती सर्वांची होणे, ते येथे आवाज बदलल्यामुळे साधले. क्रौंचवधाने हेलावलेल्या वाल्मीकीचा शोक श्लोक झाला, असे आनंदवर्धन म्हणतो. तो शोक होता तसा कागदावर उतरला नव्हता, त्याला छंदाचे शरीर मिळाले होते, याकडे अभिनवगुप्ताने लक्ष वेधले आहे. सर्वजयेच्या शोकाला तारशहनाईचे शरीर मिळाले.

चित्रपटात न दिसणाऱ्या वस्तूचा आवाज आला की ती व्यंजना झाली, असेही समजू नये. अकराव्या शतकात महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेक’ लिहून ध्वनिसिद्धांताला विरोध केला. तुम्ही ज्याला व्यंजना म्हणता ते साधे अनुमान आहे, धुरावरून अग्नी ओळखावा तसे, हा त्याचा दावा. काव्याबाबत त्याचे म्हणणे टिकले नाही असे मला वाटते, पण चित्रपटातील बऱ्याच आवाजांबाबत ते तंतोतंत खरे आहे. दाराबाहेर पावले वाजली, म्हणजे कोणीतरी येत आहे. दूर भोंगा वाजला, म्हणजे पोलीस जवळ आले. हे अनुमान आहे. कळले की काम संपले. व्यंजनेचे काम कळल्यावर सुरू होते. आवाजाविषयी लिहिताना हा भेद सांभाळला नाही, तर प्रत्येक कुत्र्याच्या भुंकण्यात गूढार्थ शोधण्याची दुसरी खोड लागेल, आणि तीही तितकीच वाईट.

अर्थ सुचण्याची कारणे मम्मटाने एका कारिकेत मोजली आहेत: बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आवाजाची ढब कशी, वाक्य कोणते, त्याचा वाच्य अर्थ काय, जवळ आणखी कोण उभे आहे, प्रसंग कोणता, स्थळ कोणते, वेळ कोणती. ‘सूर्य मावळला’ हे एकच वाक्य गुराख्याला गुरे वळवायला सांगते आणि प्रियकराच्या भेटीला जाणाऱ्या अभिसारिकेला निघायला. ही यादी साऊंड डिझायनरच्या टेबलावर लावून ठेवावी इतकी उपयोगाची आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तील (२०१३) तो प्रसंग तिच्या आधारे पाहावा. जब्या आणि त्याचे घरचे डुकरामागे धावत आहेत, आणि ते हाती येण्याच्या बेतात असताना शेजारच्या शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. सगळे जागच्या जागी सरळ उभे राहतात. डुक्कर निघून जाते. राष्ट्रगीत तेच, जे आपण सर्व जण ऐकत आलो. गाणारे शाळेच्या आत आहेत. ऐकणारा मुलगा, ज्याची जागा वर्गात असायला हवी होती, तो बाहेर आहे आणि जातीने त्याच्या गळ्यात घातलेले काम करतो आहे. बोलणारा, ऐकणारा, स्थळ, वेळ आणि शेजारी कोण, ही मम्मटाची सगळी कारणे तेथे एकदम हजर आहेत, आणि दिग्दर्शकाने त्या आवाजात आपल्या पदरची एकही सुरावट मिसळलेली नाही. तेथे करुण संगीत घातले असते तर प्रेक्षकाच्या मनात जब्याची कीव आली असती. संगीत नाही, म्हणून प्रेक्षकाला स्वतःच्या सरळ उभे राहण्याचा विचार करावा लागतो.

त्या यादीतील ‘आवाजाची ढब’ म्हणजे काकू, याविषयी थोडे वेगळे लिहिले पाहिजे, कारण आपल्या चित्रपटांत त्याचे फार नुकसान झाले आहे. उर, कंठ आणि शिर या तीन स्थानांतून निघणारा आवाज, त्याचे चढउतार, विलंबित आणि द्रुत लय, वाक्य पूर्ण करणारी आणि अपूर्ण ठेवणारी काकू, यांचा भरताने बारकाईने विचार केला आहे. ‘हो, जा ना’ या तीन अक्षरी संवादात परवानगी आहे की आर्जव की धमकी, हे लेखकाच्या हातात नसते, नटाच्या कंठात असते. चित्रीकरणाच्या जागी घेतलेला आवाज टाकून देऊन नंतर बंद खोलीत डबिंग करण्याची पद्धत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होती. त्यात शब्द स्वच्छ आले, पण धावून आलेल्याची धाप, उन्हात कोरडा पडलेला घसा, समोरचा माणूस जवळ असल्यामुळे आपोआप खाली आलेला स्वर हे सगळे सुटून गेले. अलीकडे चित्रीकरणाच्या वेळीच आवाज मुद्रित करण्याचा आग्रह काही मराठी दिग्दर्शक धरतात, त्याचे स्वागत व्हायला हवे. परंतु ते कोणी केले आणि त्याने काय मिळाले, हे वाचकाला सांगणार कोण?

या सगळ्यावर नेहमीचा आक्षेप असा येतो की, सामान्य प्रेक्षकाला सूचना कळत नाही, त्याला सगळे स्पष्ट करून सांगावे लागते. हा आक्षेप मला मान्य नाही आणि तो अपमानकारकही वाटतो. ज्या गाथेवर ध्वनिसिद्धांताची उभारणी झाली, ती दरबारी संस्कृतात रचलेली नव्हती. शेते, नदीकाठ, सासू-सुना, वाटसरू यांच्या जगातली ती लोकभाषेतली रचना होती. शब्दांना एक सांगायला लावून दुसरेच पोहोचवण्याची कला आपल्या गावगाड्यातील बायकांना दोन हजार वर्षांपूर्वी अवगत होती. ओव्या, उखाणे, लावणी, भारूड यांतून ती आजवर वाहत आली आहे. ज्ञानेश्वरांनी ‘हे शब्देवीण संवादिजे’ असे श्रोत्यांना सांगितले, ते श्रोते कोणी पंडितच होते असे नाही. अभिनवगुप्ताने सहृदयाची, म्हणजे जाणत्या रसिकाची, व्याख्या करताना ‘काव्यानुशीलनाभ्यासवशात्’ असे म्हटले आहे, म्हणजे मनाचा आरसा सरावाने स्वच्छ होतो. सहृदयता जन्मजात मक्तेदारी नाही. मात्र जसा सराव सहृदय घडवतो, तसा उलट सराव त्याला मोडतोही. रोज संध्याकाळी घराघरांत प्रत्येक भावनेचे नाव वाद्यांनी पुकारले जात असेल, तर काही वर्षांनी शांत प्रसंगात प्रेक्षक अस्वस्थ होऊन मोबाइल हातात घेईल, आणि मग ‘पाहा, त्याला कळत नाही’ असे म्हणायला निर्माते मोकळे होतील.

म्हणून माझी आपल्याकडे विनंती आहे. परीक्षणात कलावंतांच्या नावांबरोबर साऊंड डिझायनर आणि चित्रीकरणस्थळी आवाज मुद्रित करणारे यांची नावे छापली जावीत. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत २००९ सालच्या चित्रपटांपासून ध्वनिलेखनाच्या पुरस्काराचे स्थळध्वनिमुद्रण, ध्वनिरचना आणि अंतिम मिश्रण असे तीन भाग करण्यात आले होते, ते ही कामे वेगवेगळ्या कौशल्यांची आहेत म्हणूनच. परीक्षणांत मात्र तिन्हींना मिळून एक वाक्यही येत नाही. समीक्षकांनी एखाद्या चित्रपटातील किमान एक प्रसंग केवळ कानाने पाहावा आणि त्याविषयी लिहावे: आवाज कथेतल्या जगातून आला की बाहेरून, त्याने माहिती दिली की अर्थ सुचवला, चेहऱ्यावर जे दिसतच होते ते त्याने पुन्हा सांगितले का, आणि तो काढून टाकला असता प्रसंगाचे काय उरले असते. ‘साजेसे पार्श्वसंगीत’ ही शब्दयोजना काही काळ आपल्या पानांवरून रजा घेईल, तर तेही बरे होईल.

त्याचबरोबर, विद्यापीठांतील मराठी आणि संस्कृतच्या प्राध्यापकांनी आपल्या पुरवणीसाठी या विषयावर लिहावे, असे आवाहन आपण करावे. रसदोषांचे प्रकरण वर्गात आजही केवळ श्लोकांच्या उदाहरणांनी शिकवले जाते. आठवडाभर प्रक्षेपित झालेल्या एखाद्या मालिकेच्या एका भागातील पार्श्वसंगीत विद्यार्थ्यांना ऐकवले आणि मम्मटाची यादी त्यांच्या हाती देऊन दोष शोधायला सांगितले, तर ते प्रकरण त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पुण्यासारख्या शहरात चित्रपटाचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आणि प्राच्यविद्येची जुनी अभ्यासकेंद्रे थोड्याच अंतरावर आहेत. दोन्हीकडील माणसांना एका पानावर लिहिते करणे वृत्तपत्रालाच शक्य आहे.

आपला,
एक वाचक